विश्लेषण : संगणकाची अनाकलनीय चाल म्हणजे चूक की दूरदृष्टी? जगज्जेते बॉटविनिक यांच्या आयुष्यातून काय उत्तर मिळते?

मोबाइलवर बुद्धिबळाचा सामना पाहताना पटाच्या बाजूला एक काळी-पांढरी पट्टी सतत वरखाली होत असते. डी. गुकेशने किंवा नागपूरच्या दिव्या देशमुखने चाल खेळली, की काही क्षणांत ही पट्टी निवाडा देऊन मोकळी होते. कधी कधी मात्र संगणक अशी एखादी चाल सुचवतो, की समालोचन करणारे ग्रँडमास्टरही बुचकळ्यात पडतात. हत्ती फुकट द्यायचा? राजा उघड्यावर आणायचा? अशा वेळी आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर यंत्र चुकणारच नाही असे धरून मान डोलावतो किंवा ही यंत्राची गडबड आहे म्हणून सोडून देतो. या दोन्ही प्रतिक्रिया किती घाईच्या असू शकतात, हे १९७७ मध्ये एका सभागृहात शेकडो जाणकारांनी अनुभवले. त्या सभागृहात माजी जगज्जेते मिखाइल बॉटविनिक हेही बसलेले होते. बुद्धिबळपटू, विद्युत अभियंता आणि संगणक संशोधक अशा तीन भूमिका जगलेल्या या माणसाने अनपेक्षित चालींची परीक्षा कशी घेतली आणि स्वतःच्या यंत्राच्या बाबतीत ते कुठे कमी पडले, याचा हा आढावा.

टोरंटोत नेमके काय घडले?

ऑगस्ट १९७७ मध्ये कॅनडातील टोरंटो येथे संगणकांची दुसरी जागतिक बुद्धिबळ स्पर्धा भरली होती. पहिली स्पर्धा १९७४ मध्ये स्टॉकहोमला झाली होती आणि ती ‘काइसा’ या सोव्हिएत प्रोग्रॅमने जिंकली होती. टोरंटोत काइसाची गाठ अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या ‘डचेस’शी पडली. काइसाकडे काळी मोहरी होती.

चौतिसाव्या चालीला डचेसने आपला वजीर पार शेवटच्या ओळीत नेऊन काळ्या राजाला शह दिला. उत्तर सोपे दिसत होते. राजा एक घर पुढे सरकवला की शह चुकत होता. काइसाने ते केले नाही. तिने आपला हत्ती वजीर आणि राजा यांच्या मध्ये आणून ठेवला. या हत्तीला कोणाचाही जोर नव्हता. डचेसच्या वजिराने तो फुकट मारला. सभागृहात चर्चा सुरू झाली आणि जवळपास सगळ्यांचे एकमत झाले, की काइसाच्या प्रोग्रॅममध्ये काही तरी बिघडले आहे. तिच्या निर्मात्यांचाही तोच समज झाला. एक हत्ती कमी असताना काइसा बराच वेळ झुंजली आणि अखेर हरली.

डाव संपल्यावर निर्मात्यांनी काइसाला तीच स्थिती पुन्हा दिली आणि राजा सरकवायला लावला. तेव्हा उलगडा झाला. राजा पुढे गेला असता, तर डचेसला आपला वजीर राजाच्या शेजारच्या घरात नेऊन त्याचा बळी देता आला असता. राजाला तो मारावाच लागला असता. मग उंटाचा शह, त्यापाठोपाठ शेवटच्या ओळीतून हत्तीचा शह, मध्ये घातलेला काळा वजीर आणि काळा हत्ती एकेक करून मारत पाचव्या चालीला मात. हे सभागृहात कोणालाही दिसले नव्हते, बॉटविनिक यांनाही नाही. काइसाने पाच चालींत मात होण्यापेक्षा हत्ती गमावणे पसंत केले होते. जी चाल बिघाड वाटली, ती पटावरच्या हिशेबाने बरोबर होती.

बॉटविनिक कोण होते?

मिखाइल मोइसेयेविच बॉटविनिक यांचा जन्म १७ ऑगस्ट १९११ रोजी कुओक्काला येथे झाला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्याच्या ताब्यातील फिनलंडमध्ये होते. वडील दंततंत्रज्ञ, आई दंतवैद्य. मुलगा वाढला सेंट पीटर्सबर्गमध्ये, म्हणजे नंतरच्या लेनिनग्राडमध्ये. बुद्धिबळ त्यांच्या हाती आले ते बाराव्या वर्षी. आजच्या मानाने हे वय उशिराचेच. पण दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, तेव्हाचे जगज्जेते होजे राऊल कापाब्लांका लेनिनग्राडला एकाच वेळी अनेकांशी खेळायला आले, तेव्हा त्यांना हरवणाऱ्यांत चौदा वर्षांचे बॉटविनिक होते. १९३१ मध्ये ते सोव्हिएत संघाचे विजेते झाले. १९३६ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे जगातील जवळजवळ सर्व दिग्गज एकत्र आले होते. तेथे बॉटविनिक यांनी कापाब्लांका यांच्यासह पहिला क्रमांक वाटून घेतला.

याच काळात त्यांचे दुसरे आयुष्यही सुरू होते. लेनिनग्राडच्या पॉलिटेक्निकमध्ये ते विद्युत अभियांत्रिकी शिकले. बुद्धिबळावर पोट भरणे शक्य असतानाही त्यांनी अभियंत्याचे काम सोडले नाही. महायुद्धात उरल पर्वताच्या भागात स्थलांतर झाल्यावर ते दिवसा उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांचे काम करत आणि उरलेल्या वेळात डावांचे विश्लेषण लिहीत. पुढे याच विषयात त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

अभियंत्याची शिस्त त्यांच्या खेळातही उतरली. स्पर्धेआधी ते एकांतात तयारी करत, प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव तपासत, स्वतःच्या पराभवांची कारणे लिहून काढत. सिगारेटच्या धुराचा त्रास होतो हे लक्षात आल्यावर त्यांनी सरावाच्या डावांत जोडीदाराला मुद्दाम धूर सोडायला सांगितले. सर्वांत महत्त्वाची होती त्यांची एक सवय. स्वतःच्या डावांचे विश्लेषण ते छापून प्रसिद्ध करत. घरी बसून केलेल्या विश्लेषणात माणूस स्वतःला फसवू शकतो. ते चारचौघांत मांडले की कोणी तरी चूक दाखवतोच, अशी त्यांची धारणा होती. शिष्यांनाही त्यांनी हाच नियम घालून दिला.

१९४६ मध्ये अलेक्झांडर अलेखिन यांचे निधन झाल्याने जगज्जेतेपद रिकामे झाले. १९४८ मध्ये हेग आणि मॉस्को येथे पाच खेळाडूंची स्पर्धा झाली. बॉटविनिक यांनी २० पैकी १४ गुण मिळवून ती तीन गुणांच्या फरकाने जिंकली. पुढील पंधरा वर्षांत दोनदा ते पद गमावून त्यांनी परत मिळवले.

कापाब्लांकाविरुद्धची गाजलेली चाल काय होती?

अनपेक्षित चालीचे मूल्यमापन कसे करावे, याचा एक धडा बॉटविनिक यांच्याच १९३८ मधील डावात आहे. नेदरलँड्समधील ‘आव्रो’ स्पर्धेत ते पुन्हा कापाब्लांका यांच्यासमोर बसले. पांढरी मोहरी घेतलेल्या बॉटविनिक यांचे एक प्यादे सहाव्या ओळीपर्यंत पोहोचले होते. पण त्याच्या पुढच्याच घरात काळा वजीर ठाण मांडून बसला होता. तो हलत नाही, तोवर प्यादे पुढे जाणार नव्हते.

तिसाव्या चालीला बॉटविनिक यांनी उंट पटाच्या एका कडेला नेऊन ठेवला, तोही काळ्या वजिराच्या तोंडात. वजिराने उंट मारला. लगेच त्यांनी घोडाही देऊन टाकला. दोन मोहरी कमी, समोर जगातील सर्वांत चिवट बचावपटू. पण वजीर जागचा हलला होता आणि काळ्या राजाभोवतीची भिंत फुटली होती. प्यादे एक घर पुढे सरकले. कापाब्लांका यांनी शहांचा मारा सुरू केला. पांढरा राजा त्या शहांमधून वाट काढत पटाच्या उजव्या कडेपर्यंत चालत गेला. शह संपले आणि एक्केचाळिसाव्या चालीनंतर कापाब्लांका यांनी हार मानली.

या डावाचा खरा बोध पुढे आहे. ही सगळी मालिका आपण शेवटपर्यंत मोजली होती, असा दावा बॉटविनिक यांनी केला नाही. आधी त्यांनी एवढीच खात्री करून घेतली, की काहीही झाले तरी सतत शह देत राहून डाव बरोबरीत सोडवता येईल. तो आधार पक्का झाल्यावरच ते पुढे गेले आणि विजयाची वाट नंतर शोधली. म्हणजे चाल धक्कादायक होती, पण ती अंधारात मारलेली उडी नव्हती. सर्वांत वाईट काय होईल, हे त्यांनी आधी तपासले होते.

ताल यांचे बळी खरे होते की फसवे?

दुसरा धडा त्यांना पराभवातून मिळाला. १९६० मध्ये लॅटव्हियाचे २३ वर्षीय मिखाइल ताल जगज्जेतेपदाच्या लढतीत त्यांच्यासमोर आले. ताल मोहऱ्यांचे बळी अशा ठिकाणी देत, की समोरच्याला उत्तर शोधायला वेळच पुरू नये. लढतीच्या सहाव्या डावात त्यांनी अचानक घोड्याचा बळी दिला. प्रेक्षागृहात इतका गोंगाट झाला, की डाव आतल्या खोलीत हलवावा लागला. बॉटविनिक यांना पटावर योग्य उत्तर सापडले नाही आणि ते हरले. डावानंतर विश्लेषकांनी दाखवून दिले, की अचूक खेळ झाला असता तर तो बळी तालना महाग पडला असता. मात्र गुणतक्त्यावर त्याचा काही उपयोग नव्हता. ताल यांनी ती लढत १२.५ विरुद्ध ८.५ अशी जिंकली.

येथे एका चालीची दोन मूल्ये दिसतात. पहिले मूल्य पटावरचे. दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळ झाला तर निकाल काय? दुसरे मूल्य व्यवहारातले. घड्याळ चालू असताना समोर बसलेल्या माणसाला ते उत्तर सापडेल का? ताल यांची चाल पहिल्या कसोटीवर कमकुवत होती, दुसऱ्या कसोटीवर जबरदस्त. बॉटविनिक यांनी वर्षभर तालच्या डावांचा अभ्यास केला, त्यांना गोंधळाची स्थिती मिळूच नये अशी तयारी केली आणि १९६१ मध्ये वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर १३ विरुद्ध ८ अशा फरकाने पद परत मिळवले. १९६३ मध्ये मात्र तिग्रान पेत्रोस्यान यांच्याकडून ते हरले. परतीच्या लढतीचा नियम तोवर रद्द झाला होता.

विश्लेषणावरची त्यांची श्रद्धा किती होती, याचे एक उदाहरण १९६२ मधले आहे. बल्गेरियातील वार्ना ऑलिम्पियाडमध्ये तरुण बॉबी फिशरविरुद्धचा डाव रात्री तहकूब झाला, तेव्हा बॉटविनिक हरण्याच्या स्थितीत होते. सोव्हिएत चमूने रात्रभर पट मांडून बचावाची एक वाट शोधली आणि दुसऱ्या दिवशी डाव बरोबरीत सुटला. फिशर यांना हे पटले नाही. विजय कोठे होता, यावर छापील वाद पुढे अनेक वर्षे चालला. बॉटविनिक यांनी ती स्थिती आपल्या शाळेतील मुलांना गृहपाठ म्हणून दिली आणि त्या विश्लेषणात नवी भर घालणाऱ्यांत गॅरी कास्पारोव हा मुलगा होता.

संगणक चाल कशी ठरवतो?

संगणकाचे काम दोन भागांत चालते. आधी तो पुढच्या चालींची झाडासारखी फांद्या फुटत जाणारी मांडणी करतो. मग प्रत्येक फांदीच्या टोकाला जी स्थिती येईल, तिला गुण देतो. प्याद्याला १, घोडा व उंटाला प्रत्येकी ३, हत्तीला ५, वजिराला ९ हा ढोबळ हिशेब बहुतेकांना माहीत असतो. त्यात राजाची सुरक्षितता, प्याद्यांची रचना, मोहऱ्यांना मिळणारी मोकळीक यांची भर घातली जाते.

अडचण फांद्यांच्या संख्येची आहे. अमेरिकी गणिती क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात हा हिशेब मांडला. दोन्ही बाजूंची एकेक चाल धरली तर सुमारे एक हजार शक्यता होतात. दोन-दोन चाली धरल्या तर दहा लाख, तीन-तीन धरल्या तर शंभर कोटी. शॅनन यांनी यावर दोन मार्ग सांगितले. एक, ठरावीक खोलीपर्यंत सगळ्याच चाली मोजायच्या. दोन, माणसासारख्या मोजक्या अर्थपूर्ण चाली निवडून त्याच खोलवर पाहायच्या. हेच शॅनन १९६५ मध्ये मॉस्कोला गेले असता बॉटविनिक यांच्याशी एक डाव खेळले. त्यांनी चांगली लढत दिली, पण ४२ चालींत ते हरले.

पहिला मार्ग आडदांड, पण भरवशाचा होता. मॉस्कोतील गणितज्ञांच्या एका गटाने तोच धरला. त्यांच्या प्रोग्रॅमने १९६६-६७ मध्ये तारेने खेळल्या गेलेल्या लढतीत स्टॅनफर्ड येथील अमेरिकी प्रोग्रॅमला ३ विरुद्ध १ असे हरवले. काइसा ही त्याच परंपरेतली. बॉटविनिक यांनी दुसरा मार्ग निवडला.

बॉटविनिक यांचा ‘पायोनियर’ काय होता?

१९६८ मध्ये बॉटविनिक यांचे संगणकाच्या बुद्धिबळावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९७० मध्ये त्यांनी स्पर्धांतून निवृत्ती घेतली आणि मॉस्कोतील वीज संशोधन संस्थेत काही गणितज्ञांना सोबत घेऊन ‘पायोनियर’ या प्रोग्रॅमचे काम हाती घेतले.

त्यांची कल्पना समजायला अवघड नाही. अनुभवी खेळाडू पट पाहतो तेव्हा तो प्रत्येक मोहऱ्याच्या प्रत्येक चालीचा विचार करत नाही. कोणते लक्ष्य गाठायचे, तिथवर कोणते मोहरे कोणत्या वाटेने पोहोचेल, वाटेत कोण अडवेल आणि अडवणाऱ्याला कोण हुसकावेल, एवढ्याच गोष्टी तो पाहतो. या वाटांच्या जाळ्यात जी मोहरी येत नाहीत, ती त्या क्षणापुरती विसरली तरी चालतात. पायोनियरलाही असेच पाहायला शिकवायचे होते. मग झाड छोटे राहील आणि तरीही मुळे खोल जातील, अशी त्यांची खात्री होती. जॉर्जियातील रचनाकार गिया नादारेइश्विली यांचे एक अवघड कोडे पायोनियरने अगदी थोड्या स्थिती तपासून सोडवले, तेव्हा ही खात्री आणखी बळावली. याच पद्धतीचा उपयोग वीजकेंद्रांतील यंत्रांच्या दुरुस्तीचे वेळापत्रक आखण्यासाठीही केला गेला. बॉटविनिक यांच्यातील अभियंत्याला हा भाग बुद्धिबळाइतकाच मोलाचा वाटत होता.

मग टोरंटोच्या चालीने काय दाखवले?

टोरंटोच्या सभागृहात बसलेले बॉटविनिक अशा यंत्राचे स्वप्न पाहत होते, जे निरर्थक चालींकडे बघणारच नाही. आणि काइसाला मात दिसली ती नेमकी निरर्थक वाटणाऱ्या चालीमुळे. शत्रूचा वजीर राजाच्या शेजारी बिनजोर येऊन बसेल, ही शक्यता अनुभवी माणूस सहसा मनात आणत नाही. सरसकट सगळे मोजणाऱ्या यंत्राला असा संकोच नसतो. निवड करणारी बुद्धी वेगवान असते, पण ती जे वगळते त्यातच कधी तरी उत्तर लपलेले असते. काइसाच्या त्या एका चालीने हा धोका सर्वांसमोर आणला.

तरीही काइसाची चाल थोर होती असे म्हणून थांबता येत नाही. दुसऱ्या कसोटीवर ती घासून पाहावी लागते. वजिराचा तो बळी डचेसला दिसला असता का? सभागृहातील शेकडो जाणकारांना तो दिसला नव्हता. माणसाने कदाचित राजा सरकवून समोरच्याच्या नजरचुकीवर भिस्त ठेवली असती आणि एखादे वेळी तो वाचलाही असता. काइसाला असा जुगार माहीत नव्हता. समोरचाही आपल्याइतकेच अचूक पाहील, हे गृहीत धरूनच ती चाल ठरवत होती. आजचे प्रोग्रॅमही तेच करतात. त्यामुळे हरत्या स्थितीत त्यांच्या चाली अनेकदा विचित्र दिसतात.

आणखी एक सावधगिरी लागते. ठरावीक खोलीपर्यंतच पाहणारे यंत्र कधी कधी अटळ संकट नजरेच्या टप्प्याबाहेर ढकलण्यासाठी विनाकारण मोहरी देत सुटते. संकट टळत नाही, फक्त लांबते आणि यंत्राला ते टळल्यासारखे वाटते. अमेरिकी संशोधक हान्स बर्लिनर यांनी १९७० च्या दशकात या दोषाला क्षितिजाची उपमा दिली. म्हणजे बाहेरून सारखीच दिसणारी हत्ती देण्याची चाल कधी दूरदृष्टी असते, कधी दृष्टिदोष. नुसत्या चालीकडे पाहून फरक कळत नाही. पर्यायी चाल खेळून पुढे काय होते, हे पाहिले तरच कळतो. काइसाच्या निर्मात्यांनी डावानंतर नेमके तेच केले होते.

‘पायोनियर’चे पुढे काय झाले?

टोरंटोची स्पर्धा ‘चेस ४.६’ या अमेरिकी प्रोग्रॅमने जिंकली. त्याचाही भर सरसकट मोजणीवरच होता. पुढील वर्षांत संगणक वेगवान होत गेले आणि आडदांड मार्गाने जाणारे प्रोग्रॅम मास्टर, मग ग्रँडमास्टर पातळीला पोहोचले. पायोनियर मात्र कधीही स्पर्धेत उतरला नाही. त्याने निवडक स्थिती सोडवल्या, पण पूर्ण डाव खेळणारे यंत्र तयार झाले नाही. संगणकावर काम करायला मिळणारा वेळ सोव्हिएत संघात तुटपुंजा होता, हे खरे. पण तेवढेच कारण नव्हते. बॉटविनिक यांच्या डोक्यात जे निवाडे क्षणात होत, ते नियमांच्या भाषेत उतरवणे फार कठीण ठरले. माणूस चांगली चाल कशी ओळखतो, हे त्या माणसालाही पूर्णपणे सांगता येत नाही.

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात त्यांनी नव्या प्रोग्रॅमवर काम केले. त्याने केलेली काही विश्लेषणे संगणक-बुद्धिबळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तेव्हा इतर संशोधकांनी त्यांतील चुका दाखवल्या आणि निष्कर्षांबद्दल शंका घेतल्या. विश्लेषण चारचौघांत मांडून टीकेला सामोरे जा, हा ज्यांनी आयुष्यभर इतरांना शिकवलेला नियम, त्यांचेच यंत्र त्या नियमाच्या कसोटीवर उतरले नाही. ५ मे १९९५ रोजी मॉस्कोत वयाच्या ८३ व्या वर्षी बॉटविनिक यांचे निधन झाले.

शिष्यावर काय वेळ आली?

बॉटविनिक यांच्या शाळेतून अनातोली कार्पोव, गॅरी कास्पारोव आणि व्लादिमीर क्रामनिक हे तीन जगज्जेते घडले. त्यांच्यापैकी कास्पारोव यांच्यासमोर मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे आयबीएमचा ‘डीप ब्लू’ बसला. तो सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासू शकत होता. पहिल्या डावाच्या अखेरीस हरत्या स्थितीत डीप ब्लूने हत्तीची एक निरर्थक चाल खेळली. ती प्रोग्रॅममधील दोषामुळे घडली होती, असे त्याच्या निर्मात्यांपैकी एकाने अनेक वर्षांनी सांगितले. दुसऱ्या डावात यंत्राने प्यादी मिळवण्याचा सोपा मार्ग सोडून शांत, माणसासारखी चाल खेळली. कास्पारोव हादरले. त्यांनी अशा स्थितीत हार मानली, जिथे बरोबरीसाठी झुंजता आले असते, असे नंतरच्या विश्लेषणातून पुढे आले. अखेर डीप ब्लूने ही लढत ३.५ विरुद्ध २.५ अशी जिंकली.

टोरंटोत दूरदृष्टीला बिघाड समजले गेले होते. न्यूयॉर्कला यंत्राची ताकद समोरच्याच्या मनात प्रत्यक्षाहून मोठी झाली. दोन्हीकडे चूक एकच. तपासण्याआधी निवाडा झाला.

बॉटविनिक यांचे स्वप्न अगदीच वाया गेले का? तसे म्हणता येणार नाही. २०१७ मध्ये ‘अल्फाझीरो’ हा प्रोग्रॅम पुढे आला. स्वतःशीच डाव खेळून शिकलेला हा प्रोग्रॅम सेकंदाला सुमारे ६० हजार स्थिती पाहत होता, तर त्याने हरवलेला ‘स्टॉकफिश’ सुमारे सहा कोटी. कमी पाहूनही नेमके पाहता येते, हे त्याने सिद्ध केले. मात्र त्याची रीत बॉटविनिक यांची नव्हती. नियम त्याला कोणी लिहून दिले नव्हते. असंख्य डावांतून निवड करण्याची नजर त्याची त्यानेच मिळवली. पुढे स्टॉकफिशनेही अशा शिकलेल्या मूल्यमापनाचा आधार घेतला.

मग मोबाइलवर अशी चाल दिसली तर?

बॉटविनिक यांच्या सवयी येथे उपयोगी पडतात. पहिली गोष्ट, संगणकाने नाकारलेली साधी चाल स्वतः खेळून पाहावी आणि त्याचे उत्तर काय येते ते बघावे. अनाकलनीय चालीचे कारण बहुतेक वेळा तिथेच सापडते. दुसरी, आकडा लगेच प्रमाण मानू नये. प्रोग्रॅमला थोडा वेळ द्यावा. खोली वाढल्यावर निवाडा टिकतो की उलटतो, हे पाहावे. तिसरी, सर्वांत वाईट काय होईल ते आधी तपासावे, जसे त्यांनी कापाब्लांकाविरुद्ध तपासले होते. चौथी, पटावरचे मूल्य आणि व्यवहारातले मूल्य वेगळे ठेवावे. पट्टी बरोबरी दाखवत असली, तरी ती बरोबरी टिकवण्यासाठी सलग दहा अचूक चाली लागत असतील, तर घड्याळासमोर बसलेल्या माणसासाठी ती स्थिती बरोबरीची नसते. पट्टी घसरताच खेळाडूला नावे ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवायला हवे.

आणि शेवटची, आपला निष्कर्ष दुसऱ्याला दाखवावा. टोरंटोत बॉटविनिक यांच्यासारख्या खेळाडूलाही पाच चालींची मात दिसली नाही, यात कमीपणा काही नव्हता. डाव संपल्यावर कोणी तरी ती स्थिती पुन्हा मांडली आणि राजा सरकवून पाहिला, म्हणून ती चाल आज आपल्याला समजते. तसे केले नसते, तर काइसाची ती चाल यंत्रातला बिघाड म्हणूनच विसरली गेली असती.